रंगूबाईचा हात

रंगूबाई मासे विकायला कोपरखैरण्याच्या सेक्टरांत शिरली की आधी तिचा आवाज जिना चढायचा, मग डोक्यावरची पाटी आणि शेवटी ती. फ्लॅटमधल्या बायकांना तिचा माल हवा असायचा, त्यामुळे तिची जीभही सोसावी लागायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सुनीतीबाईंनी बोयीचं पोट अंगठ्यानं दाबून पाहिलं. रंगूबाईनं मासा त्यांच्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, "कती दाबशील बाई? मेलाय तो. उठून बसनार नाय." सुनीतीबाई पोट धरून हसल्या. रंगूबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती गप्प बसलेली दिसली की घणसोली गावातल्या शेजारणी काळजीनं विचारायच्या, "गो, अंगात कणकण हाय का?"

माहेर बोनकोडे, सासर घणसोली. लग्न होऊन आली तेव्हा सासरी भातशेती होती, मिठागरात काम होतं आणि खाडीत एक लाकडी होडी होती. शेती आणि मिठागर नव्या शहरानं घेतलं. होडी तेवढी राहिली. नवरा ती होडी पोरीसारखी सांभाळायचा. दर वर्षी पावसाळ्याआधी होडी खाडीतून ओढून काठावर घेतली की तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजायचं, आणि त्या तेलाचा पहिला हात घरच्या बाईचा, ही त्या घरची रीत. रंगूबाई चिंध्यांचा बोळा तेलात बुडवून फळीन् फळी चोळायची. नवरा मागं उभा राहून सांगायचा, "पुसून लाव, पुसून. वर तेल दिसता कामा नाय, आत मुरायला पायजे." सुकलेलं लाकूड तेल असं ओढून घ्यायचं की बोळा फिरता फिरता कोरडा पडायचा.

नवरा काविळीनं गेला. त्याच्यामागं होडीला किडा लागला आणि तिच्या फळ्या आतून चाळणीसारख्या झाल्या. एकानं ती मागितली, शोभेला हॉटेलच्या दारात ठेवतो म्हणाला. रंगूबाईनं त्याला दारातून हाकललं आणि होडी फोडून पाणी तापवायला चुलीत घातली. चूल पेटवताना ती कोणाला तरी शिव्या देत होती, पण कोणाला ते शेजाऱ्यांना कळलं नाही.

मुलगा हिरामण रबाळ्याला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर होता. त्यानं ठरवलं, आता होडी लोखंडाची. लोखंडाला किडा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे दोघे दोस्त बंदरावर पत्रे जोडत बसायचे. गाव बघायला यायचा आणि हसायचा. सगळ्यांत जास्त हसायची रंगूबाईची मोठी जाऊ, पुतळा. "कढई केलीस का रं हिरामन?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "कढईत मासं तळतात, धरत नाय." हिरामण खाली मान घालून काम करायचा. रंगूबाई मात्र उत्तर द्यायची, "तळायला तूच पयली बस तिच्यात."

होडी उभी राहिली. ती तोललेली होती, देखणीही होती. गावातले हसणारे हळूहळू कमी झाले आणि भाव विचारणारे वाढले. रंगाचं काम शिवाला दिलं. शिवा गावातलाच, मिठागरातल्या माणसाचा मुलगा. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता तो नव्या बिल्डिंगांची कामं घ्यायला लागला होता. गावदेवीच्या देवळाचा रंगही यंदा त्यालाच द्यायचं पंचांनी कबूल केलं होतं. बोटीचं काम त्याचं पहिलंच. त्यानं गंज घासून काढला, पत्रा साफ केला आणि तांबडा प्रायमर मारला. "हा वाळू दे," तो म्हणाला. "परवा निळा मारतो."

दुसऱ्या दिवशी होडीची पूजा झाली. रंगूबाई तेलाची बाटली आणि नवीन बोळा घेऊन आली होती. नारळ फुटला, नाळीला, होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लागलं. मग ती पुढं झाली, तसा पुतळेनं तिचा दंड धरला.

"तू मागं ऱ्हा गो. लेकराची नवी होरी हाय."

"मंग? त्याच्या बापाच्या होरीला मीच लावायची."

"तवा बाप होता," पुतळा म्हणाली. "आता तुजा हात लागायचा नाय. आन लोखंडाला तेल कशाला? लोखंड काय पितंय?"

रंगूबाईनं हिरामणकडं पाहिलं. हिरामण नारळाच्या करवंटीकडं बघत होता. ती बाटली घेऊन घरी गेली. त्या दिवशी घरात भांडी आपटल्याचे आवाज बराच वेळ येत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, बंदरावर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं, तेव्हा ती परत गेली. होडी ओंडक्यांवर उभी होती, तिच्या डोक्यापेक्षा उंच. बोळा बुडवून ती जे चोळायला लागली ते दात खाऊनच. पुतळेच्या नावानं एक हात, हिरामणच्या नावानं एक हात. पुसून लाव, पुसून. गावाकडच्या बाजूनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नाळीपाशी मासळीचं एक खोकं पडलं होतं, त्यावर चढून तिथं थोडं वरपर्यंत लावलं. खाडीकडच्या बाजूला गुडघाभर चिखल होता, तिकडं जाता आलं नाही. पुन्हापुन्हा पुसल्यावर वर तेलाचं नाव दिसेना. तिला वाटलं, घेतलं पोरीनं तेल. लोखंडाची असली तरी घरचीच आहे. आणि ती घरी येऊन, कोणालाही काही न सांगता, चहा टाकून बसली.

शिवा रंगाचे डबे घेऊन आला तेव्हा रंगूबाई देखरेखीला हजर होतीच. ब्रश टेकवायच्या आधी त्यानं नाक ओढलं. "मावशी, कसला गो वास येतोय?"

"बंदरावर वास येनार नाय तर काय अत्तर येनार? रंग मार गप."

शिवानं गप रंग मारला. निळा रंग, वर पांढरा पट्टा. बघून रंगूबाईच्या तोंडून "बरा हाय" एवढं निघालं. तिच्या तोंडून एवढं निघालेलं गावानं क्वचितच ऐकलं होतं. मग पावसाळा लागला आणि इतर होड्यांसारखी हीही ताडपत्रीखाली शाकारली गेली.

श्रावणात उघडीप पडली. नारळी पुनव तोंडावर आलेली. पुनवेलाच होडी पाण्यात जायची होती. हिरामणनं ताडपत्री ओढली आणि तिच्याबरोबर निळ्या रंगाचे वावभर पापुद्रे खाली आले.

रंगूबाई पाटी घेऊन निघाली होती, ती तशीच बंदरावर आली. गावाकडची बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलवटली होती. कुठं रंगाचे फुगे, कुठं भाजलेल्या कातडीसारखी लोंबणारी साल. तिनं एका फुग्यात नख घातलं तर हातभर रंग अलगद हातात आला. आतून पाणी गळलं. तिथंच उभी राहून ती ओरडली, "शिवा कुठं हाय?"

शिवा देवळापाशी भिंती खरवडत होता. रंगूबाई तिथं जाऊन थांबली नाही, त्याच्या शर्टाला धरून त्याला बंदरावर घेऊन आली. मागून निम्मा गाव.

"हा रंग? ह्याला रंग बोलतात? रॉकेल घातलास का पानी घातलास?"

"मावशी, डब्यातला रंग तसाच मारलाय. तुज्या समोर."

"माज्या समोर मारलास आन माज्या मागं पडला! सेक्टरातल्या बायांच्या भिंती अशाच रंगवतंस ना? त्या शिकलेल्या, त्यांना कलत नाय. मना कलतं."

"मंग त्या बाजूचा का नाय उडला?" शिवानं चिखलाकडच्या बाजूला बोट दाखवलं. ती बाजू काचेसारखी होती. "डबा तोच, ब्रश तोच, हात तोच."

"तिकरं रंगवलास तवा ताडी उतरली असंल!"

लोक हसले. शिवा ताडीला शिवत नाही हे गावाला माहीत होतं, तरी हसले. त्याची बायको रंजिता गर्दीत होती, ती पदर तोंडाला लावून निघून गेली. शिवा म्हणाला, "मी खरवडून परत मारतो," तर रंगूबाई म्हणाली, "हात लावलास तर हात मोडून ठेवीन." संध्याकाळपर्यंत पंचांनी ठरवलं, देवळाचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं. देवीच्या भिंतीवर असली साल लोंबायला नको. रंगूबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बेस झालं."

हिरामण रबाळ्याला कामावर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाई एकटीच पत्र्याची पट्टी घेऊन जुना रंग खरवडायला बसली. खरवडायला फार काही लागतच नव्हतं. पट्टी लावली की रंग सुटायचा. तिच्या तोंडात शिवाचं नाव होतं आणि ते ती प्रत्येक फटक्याला घेत होती. वर सरकता सरकता पट्टी एकाएकी अडली. तिथं रंग पक्का होता. तिनं जोर लावला, टवका उडाला नाही. बाजूला गेली, तिथंही तेवढ्याच उंचीवर अडली. ती मागं सरकून उभी राहिली. उन्हात स्पष्ट दिसत होतं. पार शेवटापर्यंत रंग एका रेघेखालीच सुटला होता. फक्त नाळीपाशी ती रेघ वर चढली होती.

रंगूबाईनं हात वर केला. बोटं बरोबर रेघेवर टेकली. नाळीपाशी ते मासळीचं खोकं अजून पालथं पडलं होतं. तिला त्याच्यावर चढून बघायची गरज नव्हती. तिनं सोललेल्या तांबड्या प्रायमरवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मुशीचं तेल. लोखंड काही पीत नाही, पुतळा म्हणाली होती. तेल तिथंच बसून राहिलं होतं, प्रायमर आणि निळ्या रंगाच्या मध्ये.

पट्टी तिनं खाडीत भिरकावली. कोणाचा राग आला ते तिलाच ठरवता येईना. शिवाला वास आला होता. मग त्यानं पुसलं का नाही? पुसलं नाही कारण तिनं पुसू दिलं नाही. हिरामण करवंटीकडं का बघत होता? नवरा मेला तो मेला, जाताना लोखंडाचं काही सांगून का नाही गेला? आणि पुतळा! ही एकच गोष्ट तिच्या मनात पुन्हापुन्हा येत होती. तेल मी लावलं असं सांगितलं तर पुतळा तेल ऐकणारच नाही. ती ऐकेल हात. विधवेचा हात लागला, म्हणून रंग गळाला. मग पुढं होडीत जे काही होईल, जाळं फाटेल, हिरामणला ताप येईल, ते सगळं त्या हाताच्या नावावर. जन्मभर तिला त्या होडीजवळ कोणी उभं करणार नाही. कदाचित हिरामणही नाही.

न सांगितलं तर? तर काहीच नाही. शिवा पाट्या रंगवील. देऊळ कंत्राटदार रंगवील. रंग वाईट होता असं गाव म्हणेल आणि विसरेल. ती ओंडक्यावर बसून राहिली. समोर चिखलाकडची बाजू चकचकत होती. काय सुंदर मारला होता मेल्यानं रंग. तिला त्याचाही राग आला.

ती उठली आणि थेट शिवाच्या घरी गेली. रंजितानं दार उघडलं आणि तिला बघून अर्धं लोटलं.

"लोटतंस कुनाला? शिवा हाय का? शिवा! भायेर ये! तुला तवा वास आला होता ना?"

शिवा बाहेर आला. "आला होता."

"मंग पुसला का नाय? पेंटर तू का मी? म्हातारी बाई गप रंग मार बोल्ली, का तू गप मारलास? मना गप कराचं होतं!"

"तुला गप करनारा अजून जन्माला नाय आला, मावशी. काय झालं ते सांग."

"मुशीचं तेल होतं. मी लावलं होतं. पाटेचं येऊन. हात पोचला तिथवर." हे बोलताना तिचा आवाज एवढा चढला होता की शेजारची बाई खिडकीत आली. "आता बोल काय बोलाचं ते!"

शिवानं खिडकीतल्या बाईकडं पाहिलं. मग म्हणाला, "मना नको सांगू. मना म्हाईत हाय मी काय मारला ते. गावासमोर बोल्लीस, गावासमोर सांग."

"तिथं पुतळा हाय."

"हाय तर हाय. मना तू दारुडा बोल्लीस तवा माजी बायको होती."

रंगूबाई वळली आणि पाय आपटत देवळाकडं चालायला लागली. शिवा अंतर ठेवून मागं.

देवळात पुनवेची बैठक चालली होती. पंच होते, बाहेरचा कंत्राटदार भिंतींना टेप लावत होता, बायका एका बाजूला बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध पुतळा. रंगूबाई चपला काढून आत गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "त्याला टेप गुंडालायला सांगा. शिवाच्या रंगात खोट नवती. पयल्या तांबड्या हातावर मी तेल लावलं, त्याला नाय सांगितलं. तेलावर रंग धरत नाय. दारुडा बोल्ली ते पन खोटं."

मग पुतळेनं दोन्ही हात जोडून देवीकडं बघितलं. "आई! बोल्ली होती ना मी? हात लावू नको बोल्ली होती. बघा, लागला विधवेचा हात, गेला रंग! पोराच्या नव्या होरीला!"

बायकांत कुजबूज झाली. एक म्हातारे पंच म्हणाले, "रंगू, तुला कलाया पायजे होतं." आणि रंगूबाईला जाणवलं, शिवाचं कोणी काही बोलतच नाही आहे. ज्याच्यासाठी ती आली तो दारात उभा, आणि सगळे तिच्या हाताकडं बघतायत.

"हातानं नाय गेला, तेलानं गेला!" ती कडाडली. "ऊठ पुतले. सगली उठा. बंदरावर चला. टेपवाल्या, तू पन चल!"

लोक गेले, कारण असा तमाशा रोज होत नव्हता. हिरामण नुकताच कामावरून येत होता, तो सायकल टाकून मागं आला. बंदरावर रंगूबाईनं शिवाला नाळ सोड्यानं आणि थिनरनं धुवायला लावली, लख्ख पत्रा दिसेपर्यंत. स्वतःचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पुसले, पुतळेच्या नाकाला लावले. "घे वास. हाय तेल?" पुतळेनं तोंड फिरवलं. मग रंगूबाईनं उजवा पंजा पाची बोटं पसरून नाळीच्या पत्र्यावर ठेवला, जिथं पूजेला हळदकुंकू लावतात बरोबर तिथं.

"शिवा, खिळ्यानं रेघ मार हाताभोवती. आता तांबडा मार, मंग निला मार. ह्या हातावरचा रंग उडला तर मी खाडीला तोंड दाखवनार नाय. नाय उडला तर पुतले, तू परत कुना बाईला मागं ऱ्हा बोलायचं नाय."

पुतळा म्हणाली, "लोखंडाशी पैज कराची रीत नाय आपली."

"लोखंडाला तेल पाजाची पन नवती," रंगूबाई म्हणाली. "मी केली."

शिवानं खिळा घेतला, पण त्याआधी हिरामण पुढं आला. तो आईकडं बघत नव्हता. "दे, मी मारतो," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या पाची बोटांभोवती सावकाश रेघ ओढली. पत्र्यावर खिळा करकरत होता. रंगूबाई त्याच्या कानाशी पुटपुटली, "आता दिसतो हात? तवा करवंटी दिसत होती." हिरामणनं मान हलवली आणि रेघ पुरी केली.

उघडीप टिकली. शिवानं सगळी बाजू धुऊन परत रंगवली. देवळाचं काम पंचांनी निम्मं त्याला दिलं, निम्मं कंत्राटदाराकडं राहिलं, कारण त्याला शब्द गेला होता. त्यावरून रंगूबाई पंचांशी भांडली, शिवानं मात्र तिचे आभार मानले नाहीत. तो होडीचं काम करताना तिच्या घरचा चहाही घेत नसे. रंजितानं तर तिच्याकडून मासे घेणं बंद केलं. रंगूबाई तिच्या दारावरून जाताना जास्तच मोठ्यानं हाक घालायची.

नारळी पुनवेला होडी पाण्याच्या काठाला उभी केली. नाळीला हळदकुंकू लावायला पुतळाच आली, तिचा मान होता. तिनं कुंकवाचं बोट टेकवलं. निळ्या रंगाखाली खिळ्याची रेघ पुसट दिसत होती, पाच बोटांची. लावता लावता पुतळेनं सगळ्यांची नजर चुकवून त्या तळव्यावर अंगठ्याचं नख घातलं आणि खरवडलं. एकदा, मग पुन्हा.

रंगूबाई पाण्यात गुडघाभर उभी होती. "आनकी जोरानं घास," ती म्हणाली. "नख तुटंल तुजं, रंग नाय."

पुतळेनं हात काढून घेतला. हिरामणनं आईला हाक मारली, "आई, इकरं ये, पयला हात तुजा." रंगूबाई पुढं झाली, तिनं दोन्ही हात नाळीवर टेकले आणि ढकलता ढकलता मागच्या पोरांवर ओरडली, "जोर लावा मेल्यांनो, जेवला नाय का?"